जेट्टीवरची गंजलेली फायर लाइन आणि कॉम्पोझिट रॅप : खाऱ्या हवेत खरंच वीस वर्षं टिकतो का?

मुरुडचा_मेंटेनन्सवाला

नमस्कार मंडळी, कोकण किनाऱ्यावरच्या एका जेट्टीवर मेकॅनिकल मेंटेनन्स बघतो, कंपनीचं नाव नको. आमची फायर वॉटरची, म्हणजे आग विझवायच्या पाण्याची लाइन आहे ८ इंची, एमएस (माइल्ड स्टील), जेट्टीच्या कडेकडेने सपोर्टवर टाकलेली, मूळ जाडी ६.३५ मिमी, टाकून चौदा वर्षं झालीत. मेन पंप चालू झाला की प्रेशर साडेदहा किलो, एरवी जॉकीवर (प्रेशर धरून ठेवणाऱ्या छोट्या पंपावर) सात-साडेसात असतं. आत्ता यूटी (अल्ट्रासॉनिकने जाडी मोजणं) मारून घेतली तर वरच्या अंगाला बहुतेक ठिकाणी ५.८ ते ६ येतंय, पण पाइपच्या पोटाला आणि जिथे सपोर्टवर टेकतो तिथे साडेचार, चार, आणि काही पिटमध्ये पार २.९ पर्यंत खाली गेलंय. एका सपोर्टपाशी तर झिरपायला लागलंय, त्यावर सध्या क्लॅम्प मारून ठेवलाय.

कापून नवीन स्पूल, म्हणजे पाइपचा तयार तुकडा टाकणं सरळ मार्ग, मान्य. पण जेट्टीला पेट्रोलियमची जहाजं लागतात, त्यामुळे वेल्डिंगचं परमिट म्हणजे जहाज नसताना, गॅस टेस्ट करून, माणूस उभा करून, आणि एवढं करून लाइन रिकामी ठेवायची म्हटलं की सेफ्टीवाले हात वर करतात. म्हणून फायबरचा रॅप, म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेलं फायबरचं कापड पाइपला गुंडाळून चिकटवायचं चाललंय. एक पार्टी कार्बन फायबर सांगतेय, म्हणे वीस वर्षं बघायला नको. दुसरी ग्लास फायबर सांगतेय, पैसे बऱ्यापैकी कमी, दहा वर्षं म्हणतेय. दोघेही आयएसओ २४८१७ चं, म्हणजे अशा रॅप रिपेअरच्या स्टँडर्डचं सर्टिफिकेट नाचवतायत. आमच्या साहेबांचं मत, कार्बनच घ्या आणि एकदाचा विषय संपवा.

मला भीती वेगळीच आहे. वरून रॅप चकचकीत आणि आत लोखंड कुजत चाललंय असं झालं तर आपल्याला कळणार कसं? कोणी खाऱ्या हवेत असे रॅप पाच-सात वर्षांनी उघडून बघितलेत का?

दोहाकर_पुणेरी

मी इकडे कतारला पाइपिंग इंटिग्रिटीमध्ये आहे, खारी हवा, उष्णता आणि रॅप हे तिन्ही रोजचेच.

कार्बन की ग्लास हे नंतर बघू, आधी मला सांगा गंज बाहेरून आहे की आतून? तुमच्या पोस्टमध्ये ते कुठेच नाही आणि सगळं उत्तर तिथेच अडकलंय. बाहेरून खात असेल तर रॅप नीट चिकटल्यावर पाणी आणि ऑक्सिजन तिथे पोचत नाही, गंज जवळपास थांबतो, आणि मग दहा काय पंधरा वर्षंही निघतात. आतून खात असेल तर रॅपचा त्या गंजाशी काही संबंधच नाही, तो आपल्या गतीने खात राहणार आणि एक दिवस रॅपच्या खाली भोक पडणार. ६.३५ चं २.९ चौदा वर्षांत झालं म्हणजे वर्षाला सरासरी पाव मिमी गेलंय. आता प्रेशरचा हिशोब करून बघा, साडेदहा किलोला ८ इंची पाइपला एक-सव्वा मिमी जाडी पुरते. म्हणजे लाइन फुटेल वगैरे भीती आज नाही, पण हाच दर आतून चालू असेल तर त्या पिटमध्ये सातेक वर्षांत तुम्ही त्या सव्वा मिमीपर्यंत येता, आणि भोक त्याच्यानंतर. पिटिंग सरासरीने चालत नाही हेही लक्षात ठेवा, एखादा पिट आधीच घात करतो, तुमचं झिरपणारं ठिकाण बघा ना.

स्टँडर्डमध्ये यालाच टाइप ए आणि टाइप बी म्हणतात. ए म्हणजे भोक नाही, फक्त जाडी कमी झालीय आणि ताकद परत द्यायचीय. बी म्हणजे आरपार भोक आहे किंवा डिझाइन लाइफ संपेपर्यंत पडणार आहे. बी मध्ये पाणी रॅपला आतून ढकलतं, फायबर तुटत नाही, रॅप लोखंडापासून सोलून निघतो, त्यामुळे तिथे सगळी मदार चिकटण्यावर. तुम्हाला दोघांनी कोटेशन दिलंय ते ए चं की बी चं, आणि बी चं असेल तर किती मोठं भोक धरलंय, हे विचारा. आणि वीस वर्षं हा आकडा कुठून आला ते सांगतो. आयएसओ २४८१७ मध्ये डिझाइन लाइफ २ ते २० वर्षं एवढीच निवडता येते. त्यातली वरची मर्यादा उचलून पार्टी ब्रोशरवर छापते. तो हिशोबात घातलेला आकडा आहे, तुमच्या जेट्टीवर कोणी वीस वर्षं टिकवून दाखवलेला नाही.

आता कार्बन. तुमच्या साहेबांना नम्रपणे सांगा की कार्बनला वीज वाहते. गॅल्व्हॅनिक सिरीजमध्ये, म्हणजे खाऱ्या पाण्यात कोण आधी गंजतं त्या क्रमात, ग्राफाइट पार टोकाला प्लॅटिनमच्या शेजारी बसतं आणि एमएस दुसऱ्या टोकाकडे. खारं पाणी मध्ये आलं आणि कार्बन लोखंडाला थेट टेकला की लोखंड ॲनोड होतं, म्हणजे तेच जोरात खाल्लं जातं. म्हणून चांगला ॲप्लिकेटर कार्बनच्या खाली आधी ग्लासचा एक थर देतो आणि कडेलाही कार्बन ग्लासच्या बाहेर येऊ देत नाही. तुमच्या पार्टीने तो थर ड्रॉइंगमध्ये दाखवलाय का बघा. आणि मुळात साडेदहा किलोच्या लाइनला कार्बनचा ताठपणा हवाय कशाला? तो हाय प्रेशर गॅस लाइनला, बेंडिंग येणाऱ्या जागी कामाचा. तुमच्याकडे ग्लास-इपॉक्सीच बरोबर आहे, उरलेले पैसे सरफेस प्रेपला, म्हणजे चिकटवायच्या आधी लोखंड साफ आणि खरखरीत करायला घाला.

कोटिंगकाका

दोहाकरांनी शेवटच्या ओळीत जे म्हटलं ना, तिथूनच खरी गोष्ट सुरू होते. आमची हयात डॉकमध्ये पेंट इन्स्पेक्शनमध्ये गेली, रॅप हा माझा विषय नाही पण चिकटवणं हा आहे, आणि रॅप म्हणजे शेवटी जाड, ताकदवान कोटिंगच.

मुरुडकर, तुमच्या पाइपच्या पोटाला जास्त का खाल्लंय विचार केलात का? वरचं अंग पावसात धुऊन निघतं. पोटाला पाऊस लागत नाही, मीठ मात्र बसत राहतं, आणि रोज पहाटे दव धरलं की तेच मीठ ओलं. सपोर्टवर तर त्याहून वाईट, तिथे फटीत पाणी अडकतं, वाळतच नाही, पेंट तर पाइप ठेवताना खरवडलेलाच असतो. त्यामुळे सपोर्टपाशी रॅप करायचा असेल तर पाइप उचलल्याशिवाय करू नका. अर्धा गोल वरून रॅप आणि खाली टेकलेला भाग तसाच ठेवून वरून रंग मारलेला मी बघितलाय, बिल पूर्ण लागलं होतं.

आता मीठ. गंजलेल्या पिटच्या तळाशी क्लोराइड दडून बसतं. तुम्ही ग्रिट ब्लास्टिंग केलं, पांढरंशुभ्र दिसलं, एसए अडीच (ब्लास्टिंगच्या सफाईची ग्रेड) मिळालं, सगळे खूश. दोन-चार तासांनी येऊन बघा, पिट काळे पडलेले असतात. ते मीठ आतून हवेतलं पाणी ओढतंय. यावर रेझिन लावलं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला डिस्टेंपर मारल्यासारखं आहे, दिवाळीपुरतं छान दिसतं. नंतर रॅपमधून सावकाश जाणारी वाफ त्या मिठापाशी गोळा होते, फोड येतात, बाँड सुटतो.

उपाय जुनाच आहे आणि कंटाळवाणा आहे. एकदा ब्लास्ट करा, गोड्या पाण्याने प्रेशरने धुवा, लालसर येऊ द्या, परत ब्लास्ट करा. मग ब्रेसल पॅच (लोखंडावरचं मीठ पाण्यात उतरवून मोजायची चिकटपट्टी) लावून मीठ मोजा. जहाजांच्या बॅलास्ट टँकच्या कोटिंगला आयएमओने (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने) सोडियम क्लोराइडची मर्यादा ५० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर ठेवलीय, चिकटण्यावरच सगळं असलेल्या कामाला मी त्याच्या खाली आणायला सांगेन. लोखंडाचं तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश वर, आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत. कोकणात याचा अर्थ जून ते सप्टेंबर विसरा, आणि थंडीतही सकाळी नऊच्या आधी ब्रश हातात घेऊ देऊ नका. दिवाळी ते शिमगा हा तुमचा सीझन.

हर्णैचा_बोटवाला

इंजिनियर लोकांमध्ये बोलतोय, सांभाळून घ्या. आमच्याकडे लाकडी बोटीवर फायबर चढवतात. सुकलेल्या, नव्या लाकडावर चढवला तर वर्षानुवर्षं काय होत नाय. जुन्या भिजलेल्या बोटीवर चढवला की पाणी आत कोंडतं आणि लाकूड फायबरच्या आत भुसा होतं, वरून टकाटक. मालकाला कळतं कधी, तर स्क्रू फिरवला की तो निघून हातात येतो तेव्हा. आणि सुरुवात कायम कडेपासून होते, जिथे फायबर संपतो तिथून. त्यामुळे तुमचा रॅप जिथे संपतो ती कड कशी बंद करणार ते आधी विचारा. मधल्या भागाची काळजी नको.

कोटिंगकाका

बोटवाले, लाख बोललात. कड म्हणजेच सगळं.

रॅप_ठेकेदार_तळोजा

मी हीच कामं करतो, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय.

वर काकांनी जे सांगितलं ते शंभर टक्के बरोबर, आणि ते कोणी विकत घेत नाही. टेंडर निघतं ते रनिंग मीटरवर. त्यात ब्लास्टिंग, धुणं, मीठ मोजणं, पुन्हा ब्लास्टिंग याला वेगळी लाइन आयटम नसते, "सरफेस प्रिपरेशन इन्क्लुडेड" एवढं लिहिलेलं असतं. मग एल वन, म्हणजे सगळ्यात कमी बोलीवाला होण्यासाठी कोण काय कापणार? फायबर कापता येत नाही, तो मोजता येतो, थर मोजता येतात. कापला जातो तो एक दिवस. ब्लास्टिंगच्या ऐवजी ग्राइंडरला वायर कप लावून घासतात, चकचकीत करतात, आणि चकचकीत म्हणजे वाईट, कारण वायर कप लोखंड पॉलिश करतो, रेझिनला पकडायला दात राहत नाहीत. साधारण ५० ते ७५ मायक्रॉन प्रोफाइल, म्हणजे खरखरीतपणाची खोली पाहिजे, बोट फिरवलं तर बारीक पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागलं पाहिजे. रेप्लिका टेपने मोजून रजिस्टरला चिकटवा, पैसे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट, पिट भरण्याची पुटी. पिटमध्ये पुटी नीट दाबून भरली नाही, हवा राहिली, तर तिथे रॅप आणि पाइप यांचा एकमेकांना आधारच नाही. घाईत ही पुटी वरवर थोपटतात. रॅप चढल्यावर हे कोणालाच दिसत नाही.

तिसरी, दोन्ही बाजूला चांगल्या लोखंडावर रॅप किती जातो. तुमच्या पाइपला स्टँडर्डच्या फॉर्म्युल्याने खराब भागाच्या पुढे प्रत्येक बाजूला साधारण ७५ मिमी तरी येतं, वर उताराचा भाग वेगळा. बोटवाल्यांची कड इथेच येते, शेवटचे थर पायरी पायरीने कमी करत न्यायचे, एकदम धारदार तोडायचे नाहीत, आणि वरून सील. त्या कडेला पाणी थांबणार नाही असा उतार द्यायचा.

आणि क्युअर. शोअर डी मीटरने हार्डनेस घ्या, डेटाशीटशी जुळला तरच काम पास. थंडीत संध्याकाळी काम संपवून सकाळी पंप चालू केला की रेझिन अर्धं कच्चं असतं.

मुरुडचा_मेंटेनन्सवाला

भारीच माहिती, सगळ्यांचे आभार. दोहाकर, आतून की बाहेरून याचं खरं उत्तर म्हणजे आम्हाला नक्की माहीत नाही. लाइनमध्ये एरवी गोडं पाणी असतं, पण मोठं ड्रिल झालं की समुद्राचा पंप चालू होतो, आणि नंतर फ्लशिंग होतं असं रजिस्टरमध्ये लिहिलेलं असतं. 😅 यूटी बाहेरून मारली तेव्हा बाहेरही खड्डे होते, त्यामुळे सगळा गंज बाहेरचा समजून आम्ही पुढे गेलो. आणि उन्हाचं काय? मे महिन्यात त्या पाइपला हात लावता येत नाही, रेझिन मऊ पडतं का?

एनडीटी_ताई

मुरुडकर, यूटीचा आकडा फक्त उरलेली जाडी सांगतो, कोणत्या बाजूने खाल्लं ते सांगत नाही. तुमच्याकडे बाहेरचे खड्डे दिसतायत तर पिट गेजने त्यांची खोली मोजा. ६.३५ मधून बाहेरची खोली वजा करा. उत्तर यूटीच्या आकड्याशी जुळलं तर गंज बाहेरचा. जुळलं नाही, म्हणजे यूटी कमी दाखवतेय, तर फरक आतला आहे, मूळ पाइपच्या जाडीतला थोडा टॉलरन्स सोडून. अर्ध्या दिवसाचं काम आहे, रॅपची ऑर्डर द्यायच्या आधी करून घ्या. वाईट दिसणाऱ्या ठिकाणी प्रोफाइल रेडिओग्राफी (पाइपचा एक्स-रेसारखा फोटो) करा, आतल्या गंजाच्या गाठी दिसतात, साचलेल्या पाण्यात बॅक्टेरियावाला गंज असेल तर त्याचे खड्डे सुटे सुटे आणि खोल असतात, बहुतेक पोटाला.

आणि तुमचा मूळ प्रश्न, रॅपच्या खाली कळणार कसं. खरं सांगायचं तर सोपं नाही. रॅप चढला की नेहमीची यूटी तिथे चालत नाही, फायबर-रेझिनमध्ये आवाज विखुरतो, खालच्या फ्रिक्वेन्सीचे खास प्रोब आणि अनुभवी हात लागतात. रेडिओग्राफी मात्र रॅपमधून होते, लोखंडाची जाडी बघायला तीच बरी. रॅप सुटलाय का हे बघायला सगळ्यात स्वस्त म्हणजे नाणं किंवा छोटी टॅप हॅमर, चिकटलेला भाग खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द. माझा अनुभव असा की लोक पहिल्या दिवशी टॅप करत नाहीत, आणि मग तीन वर्षांनी बद्द वाजलं तर आधीपासून होतं की आता झालं यावर भांडण. काम संपल्याच्या दिवशीच टॅप करून, बद्द वाजणारी जागा पेनने घेरून फोटो काढा. रॅपच्या आधीची यूटी ग्रिड अंतरासकट जपून ठेवा, फ्लॅंजपासून किती मीटर, घड्याळाच्या कितीच्या दिशेला. नाहीतर रेडिओग्राफीवाला उद्या कुठे लावणार फिल्म?

कडेवर तांबूस ओघळ दिसला की समजायचं आत पाणी शिरलंय, तिथे टॅपबिप करत बसू नका, उघडाच.

दोहाकर_पुणेरी

ताईंनी पिट गेजचं सांगितलं ते सोन्यासारखं आहे, आधी तेच करा.

उन्हाचं विचारलंत. रेझिनला एक तापमान असतं, टीजी म्हणतात, त्याच्या आसपास ते काचेसारखं कडक राहत नाही, मऊ पडतं. स्टँडर्ड म्हणतं की वापराचं तापमान टीजीच्या किमान २० अंश खाली हवं आणि भोक असलेल्या केसमध्ये ३० अंश. आता नुसतं हवेत क्युअर झालेलं, वरून गरम न केलेलं इपॉक्सी बऱ्याचदा ६०-७० च्या टीजीवर अडकतं. तुमचा रिकामा पाइप मे महिन्यात उन्हात ६० च्या घरात जाऊ शकतो. आणि इपॉक्सी सावकाश पाणी पितं, त्याने टीजी आणखी खाली येतो, कधी दहा-वीस अंशांनी. म्हणून ब्रोशरवरचा कोरड्या सँपलचा टीजी न विचारता पाण्यात भिजवलेल्या सँपलचा विचारा. लाइन पाण्याने भरलेली असेल तर पाइप एवढा तापणार नाही, तुमची वेट लाइन आहे ते बरंय. वर पॉलियुरेथेनचा हलक्या रंगाचा टॉपकोट द्या, उन्हाने इपॉक्सी खडूसारखं पांढरं पडतं तेही वाचतं. कोणी पॉलिस्टर रेझिन सुचवलं तर सरळ नाही म्हणा, पाण्यात त्याचे बंध तुटत जातात. व्हिनाइलएस्टर चालेल, पण ओल्या थंड लोखंडावर इपॉक्सीएवढं पकडत नाही.

एक मोठी गोष्ट राहिली. ही फायर लाइन आहे. आगीच्या वेळी जेट्टीवरच ज्वाळा असताना रॅप जळणारच, आत पाणी वाहत असेल तर लोखंड थंड राहून थोडा वेळ मिळतो, पण भोकावर फक्त रॅप असेल तर तो भाग गेला. म्हणून जे ठिकाण आत्ता झिरपतंय ते रॅपवर सोडू नका. तेवढा स्पूल जहाज नसताना कापून बदला, फ्लॅंज टू फ्लॅंज आणून बोल्ट मारा, वेल्डिंग शॉपमध्ये करा. आयएसओमध्ये फायर वॉटर क्लास २ मध्ये टाकलंय, पाणी-ड्रेनवाल्या क्लास १ मध्ये नाही, ते उगीच नाही.

ओझरकर

मी विमानांच्या स्ट्रक्चरवाला, वाचत होतो गप्प, पण सगळे त्याच जागी येऊन पोचलेत म्हणून लिहितो. आमच्या धंद्यात ही लढाई पन्नास वर्षं चाललीय. ऑस्ट्रेलियावाल्यांनी १९७० च्या दशकात मिराज विमानांच्या पंखांना पडलेल्या तड्यांवर बोरॉन-इपॉक्सीचे पॅच चिकटवले आणि ते चालले, आणि पुढे १९९० च्या दशकात त्यांच्या नौदलाने फ्रिगेटच्या ॲल्युमिनियमच्या डेकवर कार्बनचे पॅच लावले, समुद्रात, तेही वर्षानुवर्षं टिकले. म्हणजे खाऱ्या हवेत टिकत नाही असं मुळीच नाही. फरक एवढाच की त्यांनी धातूचा पृष्ठभाग तयार करण्यावर अख्खी प्रयोगशाळा लावली होती, ग्रिट ब्लास्ट, त्यावर सायलेनचं (चिकटणं टिकवणाऱ्या रसायनाचं) पाणी, मग ॲडहेसिव्ह.

उलटं उदाहरण अलोहा एअरलाइन्सचं, एप्रिल १९८८, हवाईमध्ये बोइंग ७३७ चं छप्पर हवेत उडालं आणि एक एअर होस्टेस गेली. ते रिपेअर नव्हतं, फॅक्टरीतलाच चिकटवलेला जोड होता, पण त्या वेळची थंड चिकटवायची पद्धत ओलाव्यात सुटत गेली, समुद्रावरची हवा आत शिरून गंज धरला, सगळा भार रिव्हेटवर आला आणि तिथून तडे. पहिल्या दिवशी त्या जोडाची ताकद उत्तम होती. चिकटवलेल्या जोडाची पहिल्या दिवसाची टेस्ट ओलाव्यात तो किती टिकेल ते सांगतच नाही, म्हणून आम्ही वेज टेस्ट करतो, दोन पट्ट्या चिकटवून मध्ये पाचर मारायची आणि दमट गरम हवेत ठेवून भेग किती पुढे जाते बघायचं. खराब तयारी एका दिवसात उघडी पडते.

तुमच्या पार्टीला लॅप शिअरचे (चिकटवलेल्या दोन पट्ट्या ओढून तोडायच्या टेस्टचे) आकडे मागितलेत तर गरम पाण्यात १००० तास ठेवल्यानंतरचे मागा. आणि तुमच्या जागेवर, त्यांच्याच माणसांकडून, त्याच दिवशी एक-दोन साध्या पट्ट्या चिकटवून घ्या. ओढून तोडल्यावर रेझिन दोन्हीकडे राहिलं पाहिजे. लोखंड स्वच्छ उघडं पडलं तर तयारी फसली.

कोटिंगकाका

ओझरकर, ही पट्टीची आयडिया आम्ही पेंटमध्ये पुल ऑफ टेस्टने करतो, डॉली चिकटवून ओढायची. तत्त्व तेच.

मुरुडकर, अजून एक विचार. तुमच्या लाइनचे ४ मिमीच्या वरचे जे भाग आहेत त्यांना ताकदीचा रॅप कशाला? तिथे जाडी भरपूर आहे, फक्त गंज थांबवायचाय. पोटाला आणि सपोर्टवर पेट्रोलॅटम टेप गुंडाळा, मेणचट असते, हात घाण होतात, पण ती हाताने घासलेल्या लोखंडावरही बसते, थोडी ओल सहन करते, आणि उद्या उघडून बघता येते. ताकद शून्य देते हे लक्षात ठेवून. बाकी लांबीला ब्लास्ट करून ग्लास फ्लेक इपॉक्सी मारा. रॅप फक्त जिथे चारच्या खाली गेलंय तिथे. निम्मे पैसे वाचतील, ते ब्लास्टिंगला वापरा.

सपोर्टवर पाइप आणि स्टीलच्या मध्ये अर्धगोल फायबरचा पॅड चिकटवून घ्या म्हणजे परत लोखंड लोखंडाला घासणार नाही.

मुरुडचा_मेंटेनन्सवाला

काका, हे पटलं, टेपचं डोक्यातच नव्हतं. झिरपणारा स्पूल बदलायचं साहेबांच्या गळी उतरवतो, दोहाकरांचा आगीचा मुद्दा दाखवला की नाही म्हणणार नाहीत. पण एक अडचण आहे. वेल्डिंग टाळायला आपण रॅपकडे आलो, आणि आता ग्रिट ब्लास्टिंग म्हटलं की सेफ्टीवाले त्यालाही हॉट वर्कच म्हणतात, ग्रिट लोखंडावर आपटून ठिणगी पडते म्हणून. मग काय करायचं? तळोजावाले भाऊ, तुम्ही अशा ठिकाणी काय करता?

रॅप_ठेकेदार_तळोजा

सेफ्टीवाले बरोबर आहेत, कोरड्या ब्लास्टिंगला ठिणगी आणि स्टॅटिक दोन्ही असतात. दोन मार्ग आहेत. एक, पाणी मिसळून ब्लास्टिंग, वेट ब्लास्ट, धूळ आणि ठिणगी खूप कमी होते, पण परमिट लागतंच आणि लगेच लाल धरतं, त्यामुळे पाण्यात इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) घालायचा मोह होतो. तो इनहिबिटर तुमच्या रेझिनला चालतो का ते रेझिनवाल्याकडून लिहून घ्या, नाहीतर चिकटणंच बिघडतं. दुसरं, हवेवर चालणारा ब्रिसल ब्लास्टर. ताराचे दात आपटून उसळतात, गंज काढतो आणि वायर कपसारखं पॉलिश न करता प्रोफाइलही देतो, ६०-७० मायक्रॉन आरामात मिळतं. ज्वालाग्राही जागेसाठीची मॉडेल्स येतात, ती मागा. हळू चालतो, ब्रश झिजतात आणि महाग आहेत, पूर्ण लाइनला परवडणार नाही, पण काकांच्या हिशोबाने तुम्हाला फक्त चारच्या खालच्या जागा करायच्यात, तेवढ्याला एकदम बरोबर. खोल पिटच्या तळाला तो पोचत नाही, त्यामुळे तिथे धुणं आणि ब्रेसल टेस्ट चुकवू नका.

टेंडरमध्ये रनिंग मीटर काढून टाका. जागांच्या नंबरवर रेट मागा आणि सरफेस प्रेपला वेगळी लाइन, वेगळं बिल. त्यात होल्ड पॉइंट टाका, म्हणजे तुमचा माणूस मीठ, प्रोफाइल आणि दवबिंदू बघून सही करेपर्यंत रेझिनचा डबा उघडायचा नाही. सही तुमची, त्यामुळे तुमचा माणूस तिथे पाहिजे. दुपारी जेवायला गेला आणि आल्यावर रॅप झालेला असेल तर तो उघडायला लावा, पहिल्याच जागेला लावा, पुढच्या सगळ्या नीट होतात.

एनडीटी_ताई

आणि प्रत्येक जागेवर छोटी नेमप्लेट लावून घ्या, तारीख, टाइप ए की बी, थर किती, डिझाइन लाइफ किती वर्षं. पहिला पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये सगळ्या कडा बघून टॅप करा, आणि ज्या जागी आतला गंज निघेल तिथे रेडिओग्राफी दर दोन वर्षांनी धरा. पिट गेजचे आकडे आले की इथे टाका, बघू बाहेरचा निघतो की आतला.